मागचा आधार

सुताराची सगळी हयात चौकटी आणि कपाटं करण्यात गेली. दुकान बंद पडलं तसा तो घरात नुसता येरझाऱ्या घालू लागला. शेवटी लेकीनंच त्याला आपल्या संग्रहालयात चिकटवलं. ती तिथं जुन्या वस्तूंवर लेझर फिरवून त्यांचा हुबेहूब आकार संगणकात उतरवायची. त्याआधी वस्तू नीट उभी करून देणं हे बापाचं काम. कुणाला फोमची उशी, कुणाला मेणाची गोळी, कुणाला रबरी नळीत घातलेली तार. नंतर लेक हे आधार संगणकातून पुसून टाकायची.

"मी करायचं आणि तू पुसायचं, वर पगार तुला जास्त," तो म्हणायचा आणि दोघंही हसायची.

त्या दिवशी सुरई होती. हिरव्या झिलईची, लांब मानेची, धरायला बाजूला कान असलेली, बूड घासून तिरपं झालेली. चकाकीवर लेझर ठरत नाही, म्हणून बापानं तिच्यावर पांढरी भुकटी फवारली, काही वेळानं आपोआप उडून जाणारी. मग सुरई फिरत्या तबकडीवर ठेवून तिला तीन बाजूंनी टेकू दिले.

"बाबा, मागचा आधार काढा. कानावर सावली पडतेय."

"तो काढला तर ही बया तोंडावर आपटेल. थांब, बारीक तार आणतो. खालून घेऊ."

"आज सगळं पाठवायचंय हो."

"पाठव की. जरा थांबलीस म्हणून आभाळ कोसळत नाही."

तो शेजारच्या खोलीत गेला. तार कापतोय तोच आवाज आला. धावत आला तर तबकडी अजून फिरत होती, मान तुटून पलीकडे पडली होती आणि मागचा आधार लेकीच्या हातात होता. बाहेर पावलं वाजली तसा तिनं तो टेबलावर, बापाच्या हत्यारांशेजारी, ठेवून दिला.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई दारात उभ्या राहिल्या. "कोणाच्या हातून झालं?"

लेक पांढरीफटक पडली होती. विभागाची जबाबदारी तिच्याकडे येणार, हे नुकतंच ठरलं होतं.

"माझ्या," तो बोलून गेला.

बोलताना त्याची खात्री होती, ती हे खपवून घेणार नाही. आता म्हणेल, नाही, बाबा इथं नव्हतेच. तो वाट बघत राहिला.

"मी त्यांना थांबा म्हणत होते," लेक म्हणाली.

बाई ओरडल्या नाहीत. "चूक आमचीच. वयाचा विचार करायला हवा होता," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यानं यायचं नाही, असं ठरलं.

बसथांब्यावर लेक हळूच म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर दोघांचीही नोकरी गेली असती, बाबा."

"दोघांची कशी? माझी राहिली असती."

तिनं मान खाली घालून फोन काढला. बस येईपर्यंत ती त्यात बघत राहिली.

विभाग तिला मिळाला. बापाकडे घर आणि नात आली. विषय पुन्हा कुणी काढला नाही. पण एकदा ती मावशीला फोनवर सांगताना त्यानं ऐकलं, "हात थरथरतात गं त्यांचे हल्ली. कामावरही तेच झालं." त्यानं मोरीत जाऊन, दार लावून, दोन्ही हात समोर धरून पाहिले. एक बोटही थरथरत नव्हतं.

पुढं एका संध्याकाळी जावई नातीला त्याच्याकडे देत होता. स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली, "उभ्यानं नको देऊस रे. बाबांना आधी बसू दे."

जावयानं पोर मागे घेतलं. बापानं लेकीकडे पाहिलं. ती मनापासून काळजीनं बघत होती. चेहऱ्यावर खोटेपणा औषधालाही नव्हता.

तो मुकाट्यानं खाली बसला, मांडी घातली आणि नातीसाठी हात पुढे केले.