नव्यांचं मशीन

शिलाईच्या त्या कारखान्यात खिडकीजवळचं मशीन नव्यांसाठी राखून ठेवलेलं होतं. बायका त्याला चुकारतट्टू म्हणत. जाड कापड आलं की ते टाका सोडायचं आणि खापर फुटायचं बसणारीच्या डोक्यावर. मालकांनी ते दुरुस्त केलं नाही. का करतील? नवी बाई परीक्षेचे महिने अर्ध्या पगारात राबायची, मग 'हात बसला नाही' म्हणून घरी. खुर्चीत दुसरी.

मुकादमबाई हे सगळं बघत आल्या होत्या, तोंड मिटून. पण या वेळची पोरगी विधवा, दिराच्या घरात जावेचे टोमणे गिळून राहणारी. पक्की झाली तर तिला कारखान्यामागची एक खोली मिळणार होती.

परीक्षेचे महिने भरले. मालकांनी तिची शिवण उलटसुलट केली न् नाक मुरडलं. "हात बसला नाही."

मुकादमबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऊठ गं," म्हणत त्या स्वतः चुकारतट्टूवर बसल्या. तेच कापड, तोच दोरा. टाका सुटला. परत सुटला.

"घ्या! माझाही बसला नाही. काढा मलाही!"

सगळी मशीनं थांबली. मालक ओशाळल्यासारखे झाले. "खरंय बाई. अन्याय झाला पोरीवर."

लगेच मेकॅनिक आला. चहा निवायच्या आत मशीन नीट.

"एवढंच होतं होय?" कुणीतरी पुटपुटलं.

मालक गोड हसले. "आता बिघडलेल्या मशीनवरची परीक्षा कशी धरायची? महिने पहिल्यापासून मोजू. पगार तोच. न्याय म्हणजे न्याय."

"आणि खोली?" मुकादमबाईंनी विचारलं.

"खोली पक्क्यांना."

मुकादमबाईंनी पोरीचा दंड धरला. "थांब, मी बोलते परत."

"नका बोलू, मावशी," ती दात आवळून म्हणाली. "काढलं असतं तर आजच पलीकडच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले असते. मशीन खराब होतं, सांगितलं असतं. आता सोडलं तर म्हणतील, चांगलं मशीन दिलं तरी पळाली. जाऊबाईंना काय सांगू? अजून जेवायला घाला?"

मुकादमबाईंनी तिचा दंड सोडला.

सुट्टीच्या आधी मालकांनी सगळ्यांसमोर मुकादमबाईंच्या धिटाईचं कौतुक केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनेही वाजवल्या. कच्च्या बाईला न वाजवून चालत नाही.