अर्धा सूर खाली

गिटार घ्यायला आलेली माणसं आधी रंग बघतात, मग किंमत बघतात आणि शेवटी कुणी बघत नाही ना याची खात्री करून एखादी तार छेडतात. मास्तरांची तऱ्हा निराळी होती. हातात आलेल्या नव्याकोऱ्या गिटारचे ते आधी कान पिळायचे. सहाच्या सहा तारा लुळ्या पडेपर्यंत सैल सोडायच्या आणि मग खुंट्या पिरगाळत एकेक तार आपल्या हातानं, आपल्या कानानं वर आणायची. दुसऱ्यानं लावलेल्या तारांवर गिटार पारखणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचणं, असं ते म्हणत. मग हनुवटी लाकडावर टेकवून, डोळे मिटून प्रत्येक गिटारवर तोच एक चार ओळींचा तुकडा वाजवायचा. गिटार पसंत पडेपर्यंत दुकानदार घायकुतीला येई, पण निवड कधी चुकत नसे.

मास्तरांना एकाहत्तरावं वर्ष लागलं होतं. त्यातली पंचेचाळीस वर्षं त्यांनी गिटार आणि गाणं शिकवण्यात घालवली, आणि तेवढ्या काळात सूर लावायला कधी यंत्राला हात लावला नाही. कुणी ग्लासवर चमचा आपटला तर पेपरातून डोकंही वर न काढता ते त्याचा सूर सांगत. बायको होती तोवर म्हणायची, "यांना घराच्या किल्ल्या सापडत नाहीत, पण पडल्या की कुठल्या सुरात पडल्या ते बरोबर सांगतील."

आज ते नवी गिटार घ्यायला आले होते, कारण जुनी त्यांना दगा देत होती. निदान त्यांचं तसं ठाम मत होतं. दर रविवारी ते आणि चार म्हातारे मित्र वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाजवायला जमत. त्यातला कीबोर्डवाला गेली दोन-तीन वर्षं कुरकुर करत होता की, मास्तर, तुमची गिटार उतरलेली आहे. आधी मास्तरांनी त्याच्या कीबोर्डवर संशय घेतला. या बटणवाल्यानं कुठलं तरी बटण चुकून दाबून ठेवलं असणार, त्याशिवाय सगळं असं चढेल कसं? मग त्यांनी तारा बदलल्या. मग खुंट्या बदलल्या. गिटारची मान वाकली असेल म्हणून दुरुस्तीवाल्याकडे दोनदा नेली. त्यानं दोन्ही वेळा मान ठणठणीत आहे असं सांगितलं, म्हणून मास्तरांनी त्यालाही अडाणी ठरवलं. शेवटी मागच्या रविवारी कीबोर्डवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "गिटारचा दोष नसेल तर कानाचा असेल." तीस वर्षांची दोस्ती होती, पण मास्तर वाटेल ते बोलले आणि तिथून उठून आले. आता नवी गिटार सुरात लावून त्याच्यापुढे बसायचं आणि त्याचं तोंड बंद करायचं, एवढंच डोक्यात होतं. रात्री मात्र मधूनच जाग यायची आणि ते कानाचं वाक्य आठवायचं. कान गेला तर आपल्यापाशी उरतं काय, या प्रश्नापाशी आले की ते घाईघाईनं कूस बदलत.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं, लांबट आणि थोडं अंधारलेलं. भिंतीवर गिटारी ओळीनं टांगलेल्या, पॉलिशचा वास, आणि कोपऱ्यात कुणी न घेतलेला पियानो. गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. मुलगी त्यांच्याबरोबर आली होती. ती दाराजवळच्या स्टुलावर ऑफिसच्या फोनमध्ये डोकं घालून बसली होती, पण लक्ष बापाकडे होतं. गिटारचे पैसे तीच देणार होती. "बाबा, मनासारखी घ्या, पण एकदाचा हा विषय संपवा," असं ती जिना चढताना म्हणाली होती.

काउंटरवरच्या मुलीनं पहिली गिटार काढून दिली. पंचविशीची, केस घट्ट बांधलेली, बोलायला मऊ. मास्तरांनी तारा सैल सोडल्या तसं तिनं काही म्हटलं नाही. त्यांनी सूर लावले, तुकडा वाजवला आणि मान हलवली. "पोकळ आहे. दुसरी दे." दुसरी खालच्या तारांवर गुरगुरत होती. तिसरी दिसायला देखणी आणि वाजायला मुकी. चौथी मात्र बरी निघाली. तिचा आवाज भरदार होता, हाताखाली जड वाटत नव्हती. मास्तरांनी तुकडा दोनदा वाजवला आणि कित्येक महिन्यांनी त्यांना हलकं वाटलं. काय बिशाद आहे, म्हणाले मनात, बटणवाल्या, आता बोल.

"ही बाजूला ठेव. पाचवी बघू, मग ठरवू."

त्या मुलीनं चौथी गिटार घेतली आणि पाठ वळवून खुंट्या पिळायला सुरुवात केली. मास्तरांच्या लक्षात आलं की मघापासून ती हेच करत होती. त्यांनी परत केलेली प्रत्येक गिटार भिंतीवर टांगण्याआधी ती खुंट्यांपाशी एक छोटं सूर दाखवणारं यंत्र चिमट्यासारखं लावत होती आणि सगळ्या तारा पुन्हा लावत होती.

"काय गं," मास्तर म्हणाले, "मी सुरात लावलेली गिटार तू पुन्हा कशाला लावतेस?"

"काही नाही, सर. दुकानाचा नियम आहे."

"नियम असू दे. पण तू सगळ्या तारा वर नेतेयस. मी ऐकतोय. एकही खाली आणली नाहीस."

स्टुलावरून मुलगी घाईनं उठली. "बाबा, जाऊ द्या ना. ती चौथी छान वाटत होती, तीच घेऊन टाकू. मला पाचला निघायचंय."

"थांब जरा. ही मुलगी माझ्या सुरात चूक काढतेय."

"चूक नाही, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिला हा विषय नको होता, ते दिसतच होतं. "तुमच्या तारा एकमेकींशी अगदी जुळलेल्या आहेत. इतक्या अचूक मला यंत्र लावूनही जमत नाहीत. फक्त सगळी गिटार अर्धा सूर खाली आहे. चारही गिटारी, बरोबर अर्धा सूर."

"तुझं यंत्र बिघडलंय."

तिनं ड्रॉवरमधून दुसरं यंत्र काढलं. त्यानंही तेच सांगितलं. मास्तर म्हणाले, एकाच कंपनीचा माल आहे, दुसरं काय सांगणार. मग ती पियानोपाशी गेली आणि एक पट्टी दाबली. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि पियानो चढलेला आहे असा निकाल दिला. आजकाल सगळंच चढवून वाजवतात, म्हणाले. रेडिओवरची जुनी गाणीसुद्धा आता चढवून लावतात, मी कितीदा ऐकलंय. हे बोलताना त्यांचा आवाज मोठा झाला होता आणि त्यांच्या मुलीनं मान खाली घातली होती.

काउंटरवरची मुलगी पियानो सोडून परत आली. मग काउंटरच्या खालच्या कप्प्यातून एक कापडात गुंडाळलेली वस्तू आणून मास्तरांच्या हातात ठेवली. सूर बघायचा दोन दातांचा पोलादी काटा होता तो. मास्तरांकडेही तरुणपणी असाच होता. मला आता याची गरज नाही, असं म्हणून त्यांनी तो ऐटीत आपल्या पहिल्या विद्यार्थ्याला देऊन टाकला होता.

काट्यात ना बटण असतं ना बॅटरी. एकाच सुरासाठी तो घडवलेला असतो आणि तोच सूर तो देतो. मास्तरांनी तो गुडघ्यावर आपटला आणि त्याचा देठ कानामागच्या हाडावर टेकवला.

"हाही चढलाय," ते म्हणाले.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. त्यांनी काटा पुन्हा आपटला. या वेळी डाव्या कानामागे टेकवला. मग पाचवी गिटार मागून घेतली, आपल्या कानानं लावली आणि तिची बारीक तार पाचव्या घरात दाबून छेडली. दोन्ही सूर एकच यायला हवे होते. त्यांच्यात सरळ अर्ध्या सुराचं अंतर होतं, शिकाऊ पोरालाही कळेल इतकं. आयुष्यभर ते विद्यार्थ्यांना सांगत आले होते की, शंका आली तर काट्याचं ऐका, काटा खोटं बोलत नाही. इतकी भीती त्यांना बायकोच्या आजारपणातसुद्धा वाटली नव्हती, आणि हे मनात आल्याची लाजही त्याच क्षणी वाटली.

"माझ्या सरांचंही असंच झालं होतं," ती मुलगी हळूच म्हणाली. "वय झालं की काहींना सगळं थोडं चढलेलं ऐकू येतं. ज्यांचा कान जन्मापासून पक्का असतो ना, त्यांनाच ते कळून त्रास होतो. आमच्यासारख्यांना पत्ताही लागत नाही."

ती समजूत घालत होती, पण मास्तरांपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. ते हिशेब करत होते. रेडिओवरची गाणी चढल्यासारखी वाटू लागली त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या पाच-सहा वर्षांत आपण किती जणांना टोकलं? कीबोर्डवाला त्यात होताच. सकाळच्या शिकवणीतली दोन पोरं होती. आणि ठमी होती.

ठमी म्हणजे त्यांची नात, बरोबर आलेल्या मुलीची मुलगी. दहा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी ती आजोबांपाशी गायला बसायची. आवाज मोकळा, जरा किनरा, पण कुठेही न अडखळणारा. ती गाणी रेडिओवर ऐकून यायची आणि तशीच्या तशी म्हणायची, आणि मास्तर गिटार थांबवून सांगायचे, "चढलीस. पुन्हा चढलीस. ऐक जरा." सुरुवातीला ती पुन्हा म्हणायची. नंतर नंतर हळू आवाजात म्हणायला लागली. दोन वर्षांपूर्वी एकदा वैतागून ते म्हणाले होते की, बाळ, सगळ्यांनाच कान असतो असं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. परीक्षेचं वर्ष आहे, असं मुलीनं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलंही होतं, कारण मनातून त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

"ठमी बरोबर गात होती," मास्तर आपल्या मुलीला म्हणाले.

मुलीनं पर्स खांद्याला अडकवली.

"तिला फोन लाव."

"आत्ता? घरी गेल्यावर बोला ना, बाबा. इथे दुकानात कशाला?"

"आत्ता लाव."

तिनं लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. तिनं भिंतीकडे तोंड करून उगाच गिटारी पुसायला घेतल्या.

"हॅलो, आजोबा? मिळाली का गिटार?"

"मिळेल. ऐक, ठमे. तू गायचीस ना, ते बरोबर असायचं. चढत नव्हतीस तू. माझाच कान बिघडलाय. आज कळलं मला." एवढं सलग बोलून त्यांना धाप लागली.

ठमी म्हणाली, "मला माहीत होतं, आजोबा."

"काय माहीत होतं?"

"मी तेव्हाच फोनवर तपासून बघितलं होतं. माझा सूर बरोबर यायचा आणि तुमची गिटार खाली दाखवायची. आईला पण दाखवलं मी. ती म्हणाली, काही बोलू नकोस, त्यांना फार लागेल."

मास्तरांनी मुलीकडे बघितलं. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडवत उभी होती. म्हणजे हे दोन वर्षं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जिना चढताना, मनासारखी गिटार घ्या असं म्हणतानाही तिला ठाऊक होतं की कुठलीही घेतली तरी ते ती अर्धा सूर खालीच लावणार आहेत.

"मग गाणं का सोडलंस? एवढं माहीत होतं तर?"

"बरोबर असून रोज चूक म्हणवून घ्यायचं आणि वर गप्पही बसायचं. दोन्ही एकदम जमेना मला."

ती रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं, मागे कधी तरी दात दुखत होता असं सांगावं तसं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि लाडही नव्हता.

"आता येशील गायला?" त्यांनी विचारलं. "मी यंत्र लावून सूर लावीन. तू म्हणशील तो सूर. मी तुला टोकणार नाही."

मागे कुणी तरी तिला हाक मारत होतं.

"बघू, आजोबा," ठमी म्हणाली.

तिनं ते मऊपणानं म्हटलं, आजोबांना लागू नये म्हणून काळजी घेऊन. हा 'बघू' मास्तरांना चांगला ओळखीचा होता. ज्या मुलांना गाता येणार नाही असं त्यांनी ठरवलेलं असायचं, त्यांच्या आईबापांना ते दारापर्यंत सोडायला जात आणि नेमकं हेच म्हणत.