हंसाला मूठमाती

"लढाई संपून दोन वर्षं होत आली, आणि राजाच्या ताटात अजून रंगवलेला बटाटाच!" महाराजांचं काम करणारा नट दाढीआड पुटपुटला. दाढी गोंदाने चिकटवलेली, म्हणून ओठ हलत नव्हते. पण ताट मांडायला वाकलेल्या हेस्टरला सगळं ऐकू आलं.

"बटाट्याकडे कशाला बघता? हंसाकडे बघा."

हंस खरा होता. लंडनबाहेरच्या त्या सिनेमाच्या स्टुडिओत दरबारी मेजवानीच्या दृश्यासाठी खास परवान्यावर मिळालेला, अख्खा, भाजलेला. मांस अजून रेशनवर होतं, म्हणून अट एकच: कुणी खायचा नाही. काम आटोपलं की सरकारी निरीक्षकासमोर पुरायचा. राखण हेस्टर पिंचबेककडे. सामानाच्या कोठीची किल्ली बावीस वर्षं तिच्या कमरेला होती. हंसाला काही झालं तर किल्ली काढून घेईन, असं दिग्दर्शक थ्रिंगसाहेबांनी बजावलं होतं.

रिवाज असा, की ताटातल्या खऱ्या पदार्थावर रोज रॉकेल फवारायचं, म्हणजे कुणी तोंड लावत नाही. पहिल्याच सकाळी हेस्टर फवारा घेऊन उभी राहिली आणि कसं झालं कोण जाणे, डावी तंगडी तिने कोठीत उभ्याउभ्या मीठ लावून खाल्ली. हाडसुद्धा चोखलं. मग स्वतः खाऊन दुसऱ्याच्या घासात रॉकेल ओतणं तिच्या जिवावर आलं. ती नुसतं पाणी फवारू लागली.

नवी तंगडी प्लास्टरवाल्या पेनॉकने करून दिली. "गळून पडली असेल, नाही का बाई?"

"गळलीच. थंडी काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी उजवी तंगडी गळाली. तिसऱ्या दिवशी छाती. पेनॉक रोज नवा अवयव आणायचा, तपकिरी रंगाचा, वर वॉर्निशची चकाकी. विचारत कुणीच नव्हतं. दिवेवाले शीळ घालत कामावर येऊ लागले. एरवी दोनदा घेतलं की दृश्य पुरे म्हणणारे थ्रिंगसाहेब तेच दृश्य पाच दिवस घेत राहिले. पाचव्या दिवशी महाराजांनी सुरी चालवली, तर खण्णकन वाजलं.

"वा! हाड लागलं," थ्रिंगसाहेब म्हणाले. "फारच खरं वाटलं."

निरीक्षक व्हिटलोसाहेब तराजू घेऊनच आले. "परवान्यावर नऊ रत्तल आहे. हा तेवीस भरतोय."

"थंडीने फुगतात, साहेब," पेनॉक म्हणाला.

"फुगलेला," व्हिटलोसाहेबांनी लिहून घेतलं.

स्टुडिओमागची जमीन गोठून दगड झाली होती. कुदळीने खड्डा खणला. चौघांनी हंस उचलून आणला. तो आत पडला तेव्हा दणका असा बसला, की महाराजांचा मुकुट हलला. सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

व्हिटलोसाहेबांनीही टोपी काढली. ते खड्ड्यात वाकून बघू लागले.

"असे अकरा पुरले मी," ते हळूच म्हणाले. "खाऊन मात्र आठ वर्षं झाली. चवच आठवत नाही. कसा लागतो हो?"

कुणी मान वर करीना. पेनॉक खोकला. थ्रिंगसाहेबांनी आभाळ न्याहाळलं. व्हिटलोसाहेब अजून टोपी हातात धरून उत्तराची वाट बघत होते. हेस्टरने कमरेची किल्ली सोडली आणि थ्रिंगसाहेबांच्या हातात दिली.

"मऊ लागतो, साहेब. मीठ तेवढं वरून घ्यावं लागतं," ती म्हणाली. "डावी तंगडी मी खाल्ली."