हिचा आवाज बसलाय

मित्रांनो, मी गिटार आहे, विजेवर वाजणारी. वयानं मी जुनी, पण अंगावर जुनं फारसं काही उरलेलं नाही. लाकूड, मान आणि एखाददुसरा भाग तेवढा मूळचा. खुंट्या, घोडी, बटणं, पोटातल्या वायरी, सगळं मागाहून आलं. मग तू तीच कशी, असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. तारा छेडल्या की मी तो प्रश्न विसरून जाते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. एका टोकाला लाकडाचा भुसा उडायचा आणि दुसऱ्या टोकाला चार बाया यंत्रावर केसाएवढी बारीक तार गुंडाळत बसायच्या. लोहचुंबकाभोवती हजारो वेढे घेतलेल्या त्या गुंडाळीला पिकअप म्हणतात. माझ्या तारा थरथरल्या की पिकअपला ते कळतं, आणि तिथून ते वायरीतून ॲम्पपर्यंत, म्हणजे माझ्या आवाजाच्या पेटीपर्यंत जातं. गुंडाळी झाली की बाया ती वितळलेल्या मेणात बुडवायच्या. मेण नीट मुरलं नाही तर वेढे आतल्या आत हलतात आणि आवाज वाढवला की शिट्टी मारतात. माझ्या वाट्याला आलेल्या बाई या बाबतीत भारी कडक होत्या. समाधान होईना म्हणून त्यांनी माझा एक पिकअप दोनदा बुडवला. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

माझे मालक फर्निचरच्या कारखान्यात मोठ्या करवतीवर काम करतात. दिवसभर फळ्या कापायच्या आणि घरी आले की हातपाय धुऊन मला मांडीवर घ्यायचं. त्यांची धाकटी बहीण गाते आणि बहिणीचे यजमान ड्रम वाजवतात. असा हा तिघांचा घरचा संच. शाळांचे कार्यक्रम, कुणाचे समारंभ, आमचं बरं चाललं होतं. "दादा वाजवत असला की मला मागे वळून बघावं लागत नाही," असं बहीण सगळ्यांना सांगायची. त्या कौतुकातलं निम्मं माझं, असं मी धरून चालायचे. जरा शिष्टच होते मी. अजूनही आहे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी मालक वाजवता वाजवता मध्येच थांबले आणि म्हणाले, "हिचा आवाज बसलाय."

मी चाटच पडले. आवाज बसायला मला काय घसा आहे? काल होते तशीच मी आज होते. पण मालकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं आणि तिथून माझ्या अंगावर हत्यारं चालायला लागली.

आधी तारा बदलल्या. नव्या तारांनी आवाज खुलतोच, त्यामुळे आठ-दहा दिवस बरे गेले. मग चकचकीत, जड खुंट्या आल्या. खुंट्या चांगल्या असल्या की सूर उतरत नाही, हे खरं. पण त्यांनी आवाज गोड होतो म्हणणं म्हणजे नवा चष्मा घातल्यावर उंची वाढली म्हणण्यासारखं आहे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पितळेची आली. तिचा फरक मला माझ्या लाकडात जाणवला, पण समोर बसणाऱ्याला कळेल इतका तो नव्हता. एकदा टोनच्या बटणामागचा, वरचे सूर गाळणारा कपॅसिटर बदलला. नखाएवढी वस्तू ती! मालक म्हणाले, "बघा, आता कशी मोकळी झाली." टोनचं बटण तर पूर्ण उघडं होतं. तेव्हा त्या कपॅसिटरला जवळजवळ काही कामच नसतं, बिचारा नुसता बसून असतो. पण मी काय बोलणार.

आवाजाची आणि टोनची बटणं बदलली तेव्हा मात्र खरंच फरक पडला. नवी बटणं वरचे सूर कमी अडवत होती. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून मालकांनी माझे पिकअपच काढून खणात ठेवले आणि कुठूनतरी मागवलेले तिखट आवाजाचे पिकअप बसवले. पिकअप म्हणजे माझं निम्मं अंग, तो बदलला की मी बदलते. माझा आवाज ताटावर चमचा ओढल्यासारखा झाला.

मालक खूश होते. बहीण नव्हती.

"दादा, जरा कमी कर. टोचतंय."

"अगं, आत्ता कुठे आवाज उघडलाय हिचा."

हे संभाषण दर सरावाला व्हायचं. मेहुणे तर ड्रम बडवणारे, पण तेही कानात कापूस घालून बसायला लागले. मालकांनी तो कापूस पाहिला आणि म्हणाले, "हौशी माणसं तुम्ही." असं दीड वर्ष चाललं. शेवटी बहिणीनं सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात गायचंय. हे असंच राहणार असेल तर मी नुसत्या की-बोर्डवर गाते. तू ऐकायला ये."

मालकांनी माझी वायर काढून गुंडाळली. वीस वर्षं ते तिच्यामागे वाजवत होते. दुसऱ्या कुणासाठी वाजवायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. "उद्या हिला दाखवून आणू," म्हणत त्यांनी मला खोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिघं मला घेऊन एका काकांकडे गेले. हे काका रेडिओ दुरुस्त करतात. टेबलावर पोट उघडलेले चार रेडिओ होते आणि दुकानभर वायरी जोडायच्या तापलेल्या डाखाचा वास होता. काकांनी मला उघडलं, मोजमापं घेतली, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी मला ॲम्पला जोडून आवाज वाढवला. नव्या पिकअपना मेण नीट लावलेलंच नव्हतं. माझ्यातून एक बारीक, लांब शिट्टी निघाली.

बहिणीनं कानांवर हात ठेवले. मेहुण्यांनी मान फिरवली. मालक तिघांच्या तोंडांकडे पाहत राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

काकांनी आवाज बंद केला. क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "जरा भिंतीकडे तोंड करून उभे राहा. शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा."

मालक उभे राहिले. काकांनी आवाज वाढवला, शिट्टी सुरू झाली. मालकांचा हात खालीच होता. काकांनी बंद करून पुन्हा सुरू केली. हात खालीच. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून तिनं माझं खोकं पुसायला घेतलं. मलाही तेव्हा कळलं, आणि त्यांच्यावर मनातल्या मनात चिडले होते त्याची लाज वाटली.

"सुरू कधी करताय?" मालकांनी भिंतीला विचारलं.

काकांनी मला बाजूला ठेवलं. "गिटारीला काही झालेलं नाही. तुम्ही कानाच्या डॉक्टरांना भेटा."

"मला सगळं ऐकू येतं. आत्ता बोललात ते आलं की."

"बोलणं येतं हो. वरचे सूर आधी जातात. करवतीवर किती वर्षं झाली?"

"बावीस," मालक म्हणाले, आणि त्यांचा हात कानाकडे गेला.

पुढचे बारा दिवस मी खोक्यात पडून होते. तेराव्या दिवशी झाकण उघडलं. मालकांच्या दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं होती. बहीण शेजारी बसली होती, तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. मालकांनी मला तसंच, त्या तिखट पिकअपसकट जोडलं आणि नेहमीचं गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्यांनी तारांवर तळवा ठेवला.

"हे असं वाजत होतं?"

"हो."

"दीड वर्ष? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगत होते रे दादा," ती म्हणाली. "दर वेळी सांगत होते."

मालकांनी मला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझं चुकलं." मला आठवतंय तेवढ्यात हे शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

काकांनी माझे मूळचे पिकअप परत बसवले. कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी मालक मला घेऊन बहिणीपुढे उभे राहिले. "तू लाव. तुला बरं वाटेल तिथे." तिनं टोनचं बटण थोडं मागे नेलं, थोडं पुढे आणलं. "गाडीचा आरसा लावताय का?" मेहुणे मागून म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी ती माझं बटण लावते, आणि मालक ते मुळीच हलवत नाहीत.

मित्रांनो, माझे सुटे भाग हवे तर बदला. चांगला पिकअप बसवलात तर मला आनंदच होईल. पण त्याआधी शेजारच्याला एकदा विचारा, कसं वाजतंय म्हणून, आणि तो सांगेल ते ऐका. शिवाय आवाज मोठा असेल तिथे कान झाका. मालक आता करवतीवर कान झाकूनच उभे राहतात. गेलेले सूर काही परत आले नाहीत, यंत्रातून जे येतं त्यावर ते भागवतात. माझे पिकअप परत बसायला अर्धा तास लागला. त्यांच्या कानांना मात्र सुटा भाग कुठेच मिळत नाही.