गाडलेली माती

तिसऱ्यांदा पेरलेलंही पिवळं पडलं, तेव्हा ताईने धाकटीला फोन केला. ही तिची बहीण माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती.

"ये आणि काय ते एकदाचं सांग. हे धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. नुसते बांधावर बसून असतात. मला भीती वाटते गं."

धाकटी दुसऱ्याच दिवशी आली. भाऊजींनी मान वर करून पाहिलंही नाही. त्यांचं शेत आधी उताराचं होतं. त्यांनी मोठ्या हौसेने यंत्र लावून ते सपाट करून घेतलं आणि येईल त्याला कौतुकाने दाखवलं. पिकाने मान टाकली ती त्यानंतरच.

धाकटीने ठिकठिकाणची माती पाण्यात ढवळून आम्लता मोजली. सगळीकडे आंबट. मग चुंबकी उपकरणाचं गोल तोंड जमिनीला टेकवलं. आकडा जेमतेम हलला.

"म्हणजे काय?" ताईने विचारलं.

"या जमिनीत वरच्या कसदार थरात लोहाचे बारीक कण असतात, ते या यंत्राला कळतात. इथे लागतच नाहीयेत. ही खालची माती आहे, ताई."

"मग वरची गेली कुठे?"

भाऊजी उठले. कुदळ घेऊन शेताच्या खालच्या टोकाला गेले आणि खणू लागले. खड्डा छातीएवढा झाला तेव्हा धाकटीने उपकरण आत धरलं. आकडा एकदम चढला. तळाशी काळी, भुसभुशीत माती होती. जुन्या पिकाची मुळंसुद्धा होती.

"सपाट करताना वरची माती आधी इथे लोटली, मग खालची तिच्यावर. मीच गाडली," भाऊजी म्हणाले आणि पुन्हा खणू लागले. "सगळी वर काढतो."

"भाऊजी, एवढ्या खोलातली माती हाताने नाही निघायची."

"मग तू आलीस कशाला?"

भाऊजींचे तळवे सोलवटले, तरी कुदळ थांबेना. शेवटी ताई खड्ड्यात उतरली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"घाला आता घाव," ती म्हणाली.

कुदळ खाली पडली. भाऊजी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

धाकटी दोन दिवस राहिली. जागोजागी भोकं पाडून मोजताना तिला विहिरीजवळ काळा थर गुडघाभर खोलीवर सापडला. तिघांनी मिळून वरची माती उपसून तेवढा तुकडा मोकळा केला. तो जेमतेम एका खोलीएवढा होता. उरलेल्या शेतात चुना टाकायचा, शेणखत घालायचं आणि वाट बघायची. किती वर्षं, हे धाकटीने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

भाऊजींनी गोदामात राखणदाराची नोकरी धरली. त्या तुकड्यात ताईने घेवडा लावला आणि तो हिरवागार आला. पण भाऊजी विहिरीकडे फिरकत नाहीत. ताई शेंगा तोडून आणते, गुपचूप त्यांच्या ताटात वाढते, आणि ते खाली मान घालून जेवतात.