रंगावर बसवलेला बोल्ट

मी एक जुना रिले आहे. मित्रांनो, तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल आणि मला त्याचं नवल नाही. गाडी कशी आहे असं विचारलं की माणसं तिचा रंग सांगतात. मी काडेपेटीहून लहान, काळी डबी. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि पत्र्याची एक जीभ. खटका दाबला की गुंडाळीत चिमूटभर वीज येते, जीभ खाली ओढली जाते, टक् असा आवाज होतो आणि मोठी वीज जाड वायरीतून पुढे जाते. एवढी वीज थेट खटक्यातून नेली तर खटकाच वितळेल, म्हणून मधे मी. जन्मभर मी हा एकच शब्द बोलत आलो आहे. तुमच्यातले कित्येक जण दिवसभर बोलून एवढं कामाचं बोलत नाहीत.

माझी पहिली नोकरी दूध पोचवणाऱ्या गाडीत होती. दिवे लावायचे, दिवे विझवायचे. ती गाडी भंगारात गेली तेव्हा एका वायरिंगवाल्याने मला उपटलं, पेट्रोलने पुसलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवून म्हणाला, "नवा कोरा माल आहे, साहेब." माणसांची आणि माझी खरी ओळख झाली ती तिथे.

गिऱ्हाइकाला सगळं गॅरेज शौकीन म्हणत असे. त्याने एका जुन्या गाडीचा सांगाडा, दुसरीचं नाक आणि तिसरीच्या खुर्च्या जोडून स्वतःची गाडी घडवली होती. तिला चमचमता निळा रंग दिला होता. हातावर हात, घासायचं, वाळवायचं, पुन्हा हात. बॉनेटच्या आतल्या बाजूलाही तोच थाट, जिथे फक्त मी आणि पाली बघणार. तो वाकून त्या रंगात तोंड बघायचा आणि श्वासाची वाफ बसली की बाहीने पुसायचा. स्वतःच्या बापाचा चष्मा त्याने कधी पुसला असेल असं मला वाटत नाही.

बापाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शौकीनचे वडील थोरल्या भावाकडे, दुसऱ्या गावी राहत. त्यांना धाकट्याकडे यायचं होतं. पण छातीचं दुखणं होऊन गेलेलं. उन्हाच्या तापात लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरने बजावलेलं. थोरल्याने फोनवरच सुनावलं, "तुझ्या त्या भट्टीत मी बाबांना बसवणार नाही. आधी ती गार कर, मग तोंड दाखव."

म्हणून शौकीनने बाहेरून एसीचा संच आणला आणि वायरिंगवाल्याने तो बसवायला घेतला. त्याचं काम वाईट नव्हतं. वायरी नेटक्या बांधल्या, फ्यूज घातला, मला बॉनेटखाली जागा दिली. शेवटी राहिलं अर्थिंग. वीज पुढे गेली की तिला परत यायला वाट लागते, आणि गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्यासाठी एक वायर उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळतात. वायरिंगवाल्याने पॉलिशपेपर काढला.

"साहेब, इथला रंग घासावा लागेल. नाण्याएवढाच."

"काय घासणार?"

"रंग. बोल्ट पत्र्याला भिडला पाहिजे ना."

"अरे, सात हात दिलेत त्याला! पोराच्या गालासारखा पत्रा केलाय आणि तू त्यावर पॉलिशपेपर घेऊन उभा! वरूनच आवळ घट्ट. बोल्ट काय पळून जातोय?"

वायरिंगवाल्याने कागदाकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघितलं आणि कागद खिशात घातला. "तुमची मर्जी."

त्याला ठाऊक होतं, मित्रांनो. सगळं ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा काम वाया गेलेलं त्याला परवडत होतं.

पहिले काही दिवस मात्र आमची चंगळ झाली. बोल्टचे आटे भोकाच्या कडेला जेमतेम चावले होते, तेवढ्यावर गाडी गार झाली. शेजारीपाजारी येऊन आत बसले आणि शिष्टाचार म्हणून कुडकुडले. रंगाचं कौतुक झालं, खुर्च्यांचं झालं, चाकांचंही झालं. माझ्या वाट्याला काहीच आलं नाही आणि त्या लोकांकडून मला ते नकोही होतं.

मग खड्ड्यांतून आपटत बोल्ट केसभर सैल झाला. आता मी टक् करायचो, एसीचा कॉम्प्रेसर वीज खेचायचा, ती वीज परतीला बोल्टपाशी यायची तर दारात रंग आडवा. ती तिथेच तुंबायची, माझ्या गुंडाळीचीही परतीची वाट तीच, म्हणून तिचा जीव जायचा, जीभ वर. भार सुटला की पुन्हा जीव यायचा, जीभ खाली. टकटकटकटक. आणि आत भट्टी.

वायरिंगवाल्याने बोल्टकडे न बघता निकाल दिला. "रिले गेलाय." गॅस भरून झाला, पंखा बदलून झाला, मला काढून खरोखरचा नवा रिले लावून झाला. शौकीनची बायको म्हणाली, "जुना टाकू नका, असू दे," आणि मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात गेलो. थोड्याच दिवसांत नव्याने माझंच गाणं सुरू केलं. रिलेला जेवढं हसता येतं तेवढं मी हसलो.

"अहो, पहिल्या दिवशी तो वायरिंगवाला रंग घासायचं म्हणत होता ना?" बायकोने विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही."

"आणि तुम्हाला कळून गाडीत घाम येतोय."

तरीही वडिलांना आणायला ते निघालेच. अर्ध्या वाटेत टकटक करून करून नव्या रिलेच्या तोंडाची राख झाली. काचा उघड्या टाकून, घामाने निथळत दोघं थोरल्याच्या फाटकाशी पोचले. पुढच्या कप्प्याचं झाकण नीट लागत नसे, त्यामुळे मला फटीतून सगळं दिसलं. वडील ओट्यावर खुर्चीत बसले होते. मांडीवर पिशवी, पायांत बूट, नाड्या बांधलेल्या.

थोरल्याने गाडीत हात घालून हवा बघितली. "हे गार? यापेक्षा माझी फुंकर बरी. बाबा, काढा बूट."

"काढतो," वडील म्हणाले. वाकले. नाडीला हात लावला आणि तसेच राहिले. "पुढच्या खेपेला येईन रे," ते धाकट्याला म्हणाले. अशी खेप पुन्हा येईल की नाही हे तिथे कुणालाच सांगता आलं नसतं.

बायकोने मला कप्प्यातून काढलं आणि किल्ल्यांचा जुडगा नवऱ्यापुढे धरला.

"खरवडा."

"अगं, इथे?"

"मग कुठे? बाबांच्या नाड्या सुटल्यावर?"

"रंग खरवडणार? हा?" थोरला हसला. "लहानपणी सायकलवर मला बसू द्यायचा नाही, डाग पडेल म्हणून!"

शौकीनने बॉनेट उघडलं, बोल्ट काढला, डोळे मिटले आणि किल्ली चालवली. कर्रर्र आवाज झाला. बाप ताटकळत बसलेला बघूनही त्याचे डोळे कोरडेच होते. ते भरून आले रंगाची खपली उडाल्यावर. उघडा पत्रा चकाकला. बोल्ट आवळला. मला जागेवर बसवलं.

टक्. एकदाच.

"चला," वडील म्हणाले. नाडी त्यांनी सोडलीच नव्हती. गाव मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "जरा कमी कर रे, गार लागतंय."

दुसऱ्या दिवशी शौकीन ब्रश आणि रंगाची बाटली घेऊन हजर!

"अहो! बोल्टखाली नाही हं!" खिडकीतून आवाज आला.

"कडेकडेने गं, कडेकडेने."

हल्ली तो लोकांना सांगतो की बोल्टभोवतीचा तो उघडा ठिपका डिझाइन म्हणून मुद्दाम सोडला आहे. वडील आतून ऐकतात आणि खोकल्याचं निमित्त करून हसतात.

मित्रांनो, मला पुसू नका, चमकवू नका, कौतुक तर मुळीच नको. एखादी वस्तू टकटक करू लागली तर तिला फेकण्याआधी तिच्या मुळाशी काय दाबून ठेवलं आहे ते बघा. आणि जे खरवडायचं असेल ते पहिल्या दिवशीच खरवडा. कुणाचा तरी बाप बूट घालून बसलेला असताना नव्हे.