हाकामारीचं जर्मन नाव

मावशीच्या टेबलावर त्या सकाळी नऊ शब्दकोश, चार खोडरबर आणि सदतीस चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक जर्मन शब्द, त्यातले छत्तीस खोडलेले. सदतिसावा जर्मनीतल्या संपादकबाईंचा होता: 'हेक्से', म्हणजे चेटकीण.

मावशीने तीस वर्षं पंप आणि बॉयलरच्या माहितीपुस्तिका जर्मनमध्ये नेल्या. तिच्या भाषांतरावर चालणारा एकही बॉयलर आजवर फुटलेला नाही. मुलांसाठीच्या गोष्टींचं मात्र हे तिचं पहिलंच पुस्तक, आणि मुखपृष्ठावर तिचं नाव येणार होतं. अडलं होतं ते हाकामारीपाशी. ही भुतीण दाराबाहेरून नावाने हाक मारते. ओ दिली की माणूस संपला. आपण हाकही मारतो आणि माणूसही. जर्मनला त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं लागतात.

"चेटकीण करणी करते. हिच्याजवळ नुसता आवाज आहे," मावशीने फोनवर सुनावलं. "हेक्से छापणार असाल तर माझं नाव काढा."

संपादकबाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून शब्दाचे घटक सुटे केले. हाक म्हणजे रूफ, जीव घेणारी म्हणजे म्योर्डरिन. जोडून मोठ्याने वाचलं, "रूफम्योर्डरिन!"

मावशीने चष्मा काढला. "अगं शहाणे, रूफ म्हणजे अब्रूसुद्धा. जर्मन माणसाला वाटेल, ही लोकांची बदनामी करत फिरते. भूत मागितलं, तर शेजारीण आणलीस!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मी म्हणाले, "पुरे गं, हसून हसून मेले!"

ती एकदम थांबली. "ह्याला ते टोटलाखेन म्हणतात. टोट म्हणजे मेलेला, लाखेन म्हणजे हसणं. हसून मरता येतं, तर हाकेने का नाही?"

तिने कोरी चिठ्ठी ओढून लिहिलं: टोटरूफरिन. मी नऊही शब्दकोश चाळले. शब्द कुठेच नव्हता.

"नसेल," मावशी ताठ बसून म्हणाली. "आता आहे."

संपादकबाई बधेनात. मुलांना कळायचं नाही, म्हणाल्या. मग मी चाचणी सुचवली. त्यांच्याकडच्या एका शाळेत दोन वर्गांना हीच गोष्ट वाचून दाखवायची, एका वर्गात हेक्से म्हणून, दुसऱ्यात टोटरूफरिन म्हणून. मग मुलांनी तिचं चित्र काढायचं. हाक मारणारीचं तोंड उघडं असणार, म्हणून उघडी तोंडं मोजायची. ज्या नावाला जास्त, ते छापायचं. बाई कबूल झाल्या.

गुरुवारी निकाल आला.

हेक्से: चित्रं चोवीस, झाडू एकोणीस, उघडी तोंडं तीन.
टोटरूफरिन: चित्रं सव्वीस, झाडू शून्य, उघडी तोंडं तेवीस.